मोटारी सुरू असतानाची प्रत

नक्कल कुणीही मारतं, प्रत ताडून बघावी लागते, असं माझा थोरला भाऊ म्हणायचा. आणि नुसतं म्हणून थांबायचा नाही, घरभर सगळ्यांना कामाला लावायचा.

जळगावात असोदा रस्त्याला आमचं घर, मागं केळीचे मळे. ऐंशीचं दशक उताराला लागलं होतं. दादा इंजिनिअरिंगला होता आणि विलायतेतल्या एका रॉक बँडनं त्याला पार झपाटलं होतं. त्या बँडच्या तबकड्या धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे होत्या. डॉक्टर एका वेळी एकच द्यायचे. ती परत केली की पुढची. दादा एसटीत ती मांडीवर धरून बसायचा आणि पारोळ्याला गर्दी चढली की तिच्यावर ओणवा व्हायचा.

घरी आली की ती कॅसेटवर उतरवायची. रेकॉर्ड प्लेअर घरच्या लाइटवर चालायचा, टेपरेकॉर्डरला मात्र दादा नवे सेल घालायचा, म्हणजे लाइट कमीजास्त झाली तरी कॅसेट बिघडायला नको. पंखा बंद, मिक्सर बंद. मग ताडणी. तबकडी आणि कॅसेट एकदम सुरू करायची. तो हेडफोन लावून तबकडी ऐकणार, मी टेपला कान लावून कॅसेट. दोघांनी बोटांनी पाटावर ताल धरायचा. शेवटपर्यंत बोटं सोबत पडली तर प्रत पास. आई म्हणायची, "एवढी पारख बहिणीच्या स्थळाची केलीस तरी पुष्कळ."

सगळ्या तबकड्या पावसाळ्यात उतरवून झाल्या, एक तेवढी मागं राहिली. ती डॉक्टरांनी उन्हाळ्यात दिली. मला तीच सगळ्यांत आवडायची. तिच्यातला गायक वयस्क, भारदस्त वाटायचा, सावकाश समजूत काढणारा. तीही ताडली, तीही पास झाली.

पुढं दादा नोकरीला आखातात गेला, जाताना कॅसेटींचा खोका घेऊन गेला. तिथं त्यानं बरोबर काम करणाऱ्या मुलीशी लग्न केलं. ती जातीतली नव्हती. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फोनवरच सांगितलं की आता या घराची पायरी चढायची नाही. दादाही त्यांचाच लेक. पायरी सोडा, त्यानं फोनही बंद केला. वर्षं गेली. आई सणाला त्याचं ताट वाढायची आणि मग स्वतःच ते जेवायची. मला त्याची इतकी आठवण यायची की रस्त्यात कुणाचा त्याच्यासारखा चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट दिसला तरी राग यायचा.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तिथं सीडी लिहिणारं यंत्र आलं आणि माझ्या मनानं घेतलं: दादाच्या बँडचा सगळा संच करायचा आणि त्याला पाठवायचा. मुंबईहून एकेक सीडी मागवली. क्लासमधले सगळे गाणी दाबून दाबून लहान करायचे, मी मात्र जशीच्या तशी काढायचे. "मॅडम, अख्खी डिस्क अडवली तुम्ही," म्हणून पोरं कुरकुरायची. कुरकुरेनात का. गाणं दोनदा उतरवायचं, दोन्ही फायली संगणकाला ताडायला सांगायच्या, फरक नाही असं उत्तर आलं की पुढं. दादा असता तर खूश झाला असता.

त्या उन्हाळ्यातल्या अल्बमपाशी गाडी अडली. संगणक म्हणे फरक नाही. माझे कान म्हणत, हा आमचा गायक नव्हेच. हा कुणी घाईतला तरणा पोर होता. मी दुसरी सीडी मागवली. तोच पोर.

एका दुपारी घरी जेवताना डोक्यावरचा पंखा मंद झाला. आई सवयीनं म्हणाली, "सुरू झाल्या मळ्यातल्या मोटारी." माझा घास हातातच राहिला. उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे लाइट उतरायची, आणि दादाचा रेकॉर्ड प्लेअर होता लाइटवर. तबकडीच हळू फिरली होती, कॅसेटनं ते इमानानं टिपलं होतं. आणि आम्ही शहाणे ताडत बसलो त्याच दुपारी, त्याच प्लेअरवर.

खरी प्रत आता माझ्याकडे होती आणि मला ती नको होती. मी त्या गाण्यांचा वेग थोडा थोडा कमी करत गेले, आमचा तो भारदस्त गायक परत येईपर्यंत. आला तेव्हा मी रडले. बाकी सगळं अस्सल, आणि हा एक आमचा, असा संच दादाच्या मित्राकडून पत्ता मिळवून पाठवला. चिठ्ठी घातली नाही. बोलायचं असेल तर तो बोलेल.

महिन्याभरानं रविवारी फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "बाकीच्या सीडी माझ्याकडे आहेतच गं. पण ही कुठं मिळाली तुला? आपली कॅसेट इथं गाडीत उन्हानं वाकली. दुकानातल्या दोन सीडी मी खराब म्हणून परत केल्या."

मी त्याला मोटारींचं सांगितलं. तो हसला, खूप हसला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. शेवटी म्हणाला, "आबा आहेत?"

आबा समोरच खाटेवर पेपर धरून बसले होते. पान मघापासून उलटलं नव्हतं. मी रिसीव्हर पुढं केला. वाटलं, उठून बाहेर जातील. त्यांनी तो घेतला आणि कानाला लावून बसून राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. आबांनी घसा खाकरला. शहरात इतकी वर्षं जपून ठेवलेली प्रमाण मराठी सोडून ते आपल्या अहिराणीत बोलले.

"तठे लाइट जास का?"

तिथं लाइट जात नाही, असं तो पलीकडून म्हणाला असावा.

"आठे जास," आबा म्हणाले. "तरी बी ये."