पासपोर्ट आधी निघाले

चहा आधी संपवा, मग सांगतो. कारण हा माझा गाढवपणा ऐकताना लोक सुरुवातीला खदाखदा हसतात आणि शेवटी त्यांचा चहा कपातच राहतो. आता कसं सांगू तुम्हाला, त्या दिवसांत मला वाटायचं की अख्ख्या नागपुरात माझ्याएवढा हुशार माणूस नाही. इथेच तर सगळं बिघडलं!

माझा लकडगंजात सुक्या मिरचीचा ठोक धंदा. उभ्या जन्मात मी एकच गोष्ट शिकलो. घाई करायची नाही, भाव पडतो. आवक वाढली की पडतो, गिऱ्हाईक आटलं की पडतो. आणि गिऱ्हाईक सगळ्यात जास्त कधी आटतं? पितृपक्षात! तेव्हा कोणी नवं काही घेत नाही. म्हणून आमच्या घरचा फ्रीज पितृपक्षातला, कूलर पितृपक्षातला, स्कूटरसुद्धा पितृपक्षातली. माझी बायको सुनंदा म्हणते, आपल्या घरात सगळ्या वस्तू कावळ्याच्या साक्षीनं आल्या आहेत.

तर आमची एकुलती एक मुलगी मनू, ऑस्ट्रेलियात पर्थला असते. जावई खाणीवर इंजिनिअर. पंधरवडा घरी, पंधरवडा खाणीवर. मनूला दिवस गेले. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि तेव्हा ती घरात एकटी होती. त्यामुळे या वेळी पोरीनं एकच गोष्ट मागितली.

"आई, आठवा लागायच्या आत ये वं. मले एकटीले भेव लागते."

बस्स, एवढंच. आम्ही दोघांनी जायचं, सहा महिने राहायचं, बाळंतपण करायचं, बाळाचं बाळसं बघून परत यायचं, असं ठरलं. सुनंदानं दुसऱ्याच दिवशी लाडवांसाठी डिंक आणला. आणि मी तिकिटांच्या मागे लागलो.

सीताबर्डीला एक ट्रॅव्हल एजंट आहे. त्यानं भाव सांगितला आणि म्हणाला, "काका, आज घेऊन टाका. समोर वाढन."

मिरचीवाल्याला भाव शिकवतो! मी विचारलं, "पितृपक्षात काय राहीन?"

"काका, विमानवाल्याईले पितृपक्ष नसते."

"प्रवाशाईले तर असते ना गा!"

त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तिकीट काढायला घेतलं. मला वाटलं, पटलं त्याला. मी थांबलो. सुनंदा रोज विचारायची, "काढले का तिकीट?" आणि मी रोज सांगायचो, "भाव उतरून राहिला, दम धर." या दम धरण्यात मनूला आठवा लागलासुद्धा.

आणि काय सांगू, पितृपक्षातल्या एका तारखेच्या तिकिटाचा भाव खरंच पडला! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मी एजंटसमोर मिशीवर हात फिरवला. तो बिचारा सांगत होता, "काका, हे तीन वेगवेगळे तिकीट हायेत. नागपूर ते बंगलोर, मग क्वालालंपूर, मग पर्थ. एक सुटलं तर समोरचे दोन्ही गेले समजा. पैसे वापस नाई." मी म्हटलं, सुटेल कशाला? विमानतळ आमच्या प्रताप नगरपासून हाकेच्या अंतरावर!

घरी येऊन तारीख सांगितली तर सुनंदाच्या हातातलं उलथनं तसंच वर राहिलं.

"पितृपक्षात? पोरीच्या बाळंतपणाले मी पितृपक्षात घर सोडू? एक डाव गेलं ना तिचं! तुम्हाले काही वाटते का?"

"अवं, तिकीट निघालं. आता वापस होत नाही."

दोन दिवस तिनं डिंकाच्या डब्याला हात लावला नाही. मग मला आमच्या वडिलांची युक्ती आठवली, प्रस्थान ठेवायची. ज्याला माहीत नसेल त्याला सांगतो. चांगल्या दिवशी स्वतः निघता येत नसेल, तर त्या दिवशी आपलं एक गाठोडं, जायच्या दिशेला असलेल्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस घरीच जेवतो, घरीच झोपतो, पण शास्त्रापुरता तो निघालेला असतो. अट एकच. ते गाठोडं परत घरी आणायचं नाही. जाताना तिथूनच उचलायचं.

पर्थ पूर्वेकडे, लकडगंज पूर्वेकडे. तिथे माझा मित्र भास्करभाऊ, लाकडाचा व्यापारी. पितृपक्ष लागायच्या आधीचा चांगला दिवस बघितला, एका बॅगेत दोघांचे कपडे, सुपारी, तांदूळ भरले. तरी सुनंदाचं तोंड उतरलेलंच. म्हणाली, "चार लुगडे गेले म्हणजे काय माणूस गेला?"

आणि इथे, मंडळी, माझी हुशारी उफाळून आली! मी कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढले आणि बॅगेत टाकले.

"हे काहून टाकता त्याच्यात?"

"अवं, पासपोर्ट निघाला म्हणजे माणूस निघाला! सरकारबी तेच मानते."

सुनंदा पहिल्यांदा हसली. मी धन्य झालो. बॅग भास्करभाऊच्या देवघरात ठेवली. मी निघताना त्यानं काहीतरी सांगितलं, गयेला जायचं आहे, आईवडिलांचं करायचं आहे वगैरे. मी म्हटलं, "जा ना गा, चांगलं काम आहे." लक्ष कुठे होतं माझं? मी मनातल्या मनात तिकिटात वाचलेले पैसे मोजत होतो.

निघायच्या दिवशी सुनंदाला सगळ्या सामानासकट विमानतळावर सोडलं आणि म्हटलं, "बस इथं, मी आत्ता बॅग घेऊन आलो." आणि टॅक्सीनं लकडगंजला गेलो, म्हणजे विमानतळापासून पार उलट्या टोकाला.

भास्करभाऊच्या दाराला कुलूप.

लाकडाच्या व्यापाऱ्याचं दार हो ते! अस्सल सागवान. मी धक्का मारला तर माझाच खांदा गेला. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. त्याची गयेची गाडी कुठल्या जंगलातून जात होती देव जाणे. शेवटी मी दगड घेऊन कुलपावर घाव घालायला लागलो, तर शेजारच्या बाई गच्चीवरून ओरडल्या.

"ओ! कोन हो तुम्ही? दिवसाढवळ्या दार फोडून राहिले?"

"माझा पासपोर्ट आत आहे!"

"तुमचा पासपोर्ट यायच्या घरात काहून?"

"तो आधी निघाला, बाई!"

झालं! बाईंनी गल्ली गोळा केली. एकानं माझी कॉलर धरली, दुसऱ्यानं फोटो काढला. मी प्रस्थानाचं शास्त्र समजावून सांगतो आहे आणि लोक म्हणताहेत, पोलिसाले बोलवा, हा पिऊन आहे. तेवढ्यात भास्करभाऊचा फोन लागला. मी स्पीकरवर टाकला.

"भाऊ, किल्ली कुठं आहे गा?"

"माझ्या करदोड्याले बांधली आहे! बेफिकीर राय, जीव गेला तरी सुटत नाही. तुझी बॅग एकदम सेफ!"

कॉलर सुटली. मग त्याच लोकांनी कुलूपवाला बोलावला, कुलूप कापलं, बॅग निघाली. त्या बाईंनी तर गडबडीत मला कुंकूसुद्धा लावलं. मी धावत विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद झालं होतं. सुनंदा बाकावर बसली होती, मांडीवर लाडवांचा डबा. मला बघून तिनं फोन माझ्यापुढे धरला.

"मनूले तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाली.

मी फोन केला. मनू म्हणाली, "असू द्या बाबा. मी ठीक आहे. भेटन ते तिकीट पाहून या."

इथपर्यंत तुम्ही हसलात ना? मीसुद्धा इथपर्यंतच हसतो.

कारण एजंट म्हणाला, "काका, उद्याच्या विमानात दोन जागा हायेत. भाव मात्र तिप्पट आहे. नाहीतर चार दिवसांनी बरं तिकीट आहे." सुनंदा माझ्याकडे बघत होती. सगळं आयुष्य घाई करणाऱ्या ज्या माणसांना मी हसलो, ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पैसे नव्हते असं नाही. होते. मी म्हटलं, "मनू ठीक आहे म्हणते ना? चार दिवसानं काय फरक पडते?"

फरक पडला. तिसऱ्या दिवशी मनूला अचानक रक्तस्राव सुरू झाला. जावई खाणीवर. पोरीनं स्वतः ॲम्ब्युलन्स बोलावली, स्वतः दार उघडं ठेवलं आणि जमिनीवर पडून राहिली. पोट फाडून बाळ काढावं लागलं. पोर जगली, आधीच सांगतो, उगाच श्वास धरून बसू नका. आमची मनूसुद्धा जगली. पण जावयाचा खाणीवरून फोन आला तो एवढाच, की मनूला दवाखान्यात नेलं; दोघी जगल्याचं आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. तोवर आम्ही दोघं प्रताप नगरच्या हॉलमध्ये बांधलेल्या बॅगांमध्ये बसून होतो, आणि सुनंदा फोनकडे बघत एकच वाक्य म्हणत होती, "माही पोरगी एकटी आहे." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढून बाजूला ठेवला.

पर्थच्या दवाखान्यात पोचलो तर काउंटरवरच्या बाईनं विचारलं, कोण? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ही आजी. ती म्हणाली, आजी तर आत आहे.

काचेतून बघितलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक गोरी म्हातारी मनूचा हात धरून बसली होती. मनूच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी. उघडं दार बघून ती वर आली होती आणि ॲम्ब्युलन्समध्येही सोबत बसली होती. पोर मुठीएवढी, काचेच्या पेटीत. सुनंदा दारातच उभी राहिली, लाडवांचा डबा छातीशी धरून. स्वतःच्या मुलीच्या खोलीत जायला ती परवानगी मागितल्यासारखी थांबली होती.

म्हातारीनं तिला बघितलं आणि लगेच उठून खुर्ची दिली. मग ती बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली. माझे डोळे पुसायचे राहिले होते. तिनं पिशवीतून पाव काढला, अर्धा मोडून माझ्या हातात दिला आणि हळूहळू, मला कळेल असं बोलली.

"तुम्ही तिचे वडील ना? सगळ्या वाटेनं ती मला सांगत होती, माझे बाबा येताहेत, फक्त चांगलं तिकीट शोधताहेत. मिळालं का मग?"

पावाचा घास तोंडात तसाच धरून मी मान हलवली. म्हटलं, "हो. मिळालं."