नऊ दुकानांचा मालक

भिंगारच्या बाजारात रोज संध्याकाळी एक गृहस्थ हातगाडीवर चिकन तळतात. एके काळी नगरपासून पाथर्डीपर्यंत त्यांची नऊ दुकानं होती. मोठ्या कंपन्यांची चकचकीत दुकानं आली आणि या गृहस्थांची एकेक करत नऊही बंद पडली. तरी कढईपुढे उभे राहिले, की त्यांचे पाय वरातीतल्यासारखे ठेका धरतात.

काल न राहवून विचारलं, “वाईट नाही वाटत?”

“लई वाटलं. वरीसभर घराबाहेर पडलो न्हाई,” ते म्हणाले. “पन दुकानं वाढली तसं माजं तळायचंच सुटलं हुतं. निस्ता कुलपं उघडत फिरायचो.”

त्यांनी एक गरम तुकडा माझ्यापुढे धरला आणि काम थांबवून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी भरल्या तोंडानं मान डोलावली. त्यांनी आनंदानं झारा हवेत अशी गिरकी देऊन फिरवला, की मागची अख्खी रांग हसत सुटली.