आईच्या विम्याचा अर्ज

बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला जर्मनीला पाठवायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांत शहाणा मीच होतो. वर्ध्याला कचेरीत नोकरी, कागदांची सवय, त्यामुळे पासपोर्टपासून विम्यापर्यंत सगळा कारभार माझ्याकडे. आई केळझरला वांगी-टमाटे पिकवणारी. मी बोट ठेवीन तिथे तिनं सही करायची, एवढंच तिचं काम.

आईला बीपी निघून वर्ष झालं होतं. परदेशातल्या बहिणीला उगाच घोर नको म्हणून आम्ही तिला कळवलं नव्हतं. डॉक्टरांनी मात्र मला बजावलं होतं : गोळ्या पाकिटातच राहू द्या, चिठ्ठी सोबत द्या आणि विम्याच्या अर्जात आजार लिहा. मी 'हो हो' केलं. पण आजार लिहिला की तपासण्या आल्या, आणखी कागद आले, माझ्या दोन-तीन रजा गेल्या. नुसत्या आळसापायी मी 'आधीचा काही आजार?' यापुढे 'नाही' लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. मी चिठ्ठी घरीच ठेवली, गोळ्या सोलून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरल्या आणि आईला पढवलं.

"माय, तिकडं कोणी बी इचारलं, काई बिमारी हाये का, तं नाई म्हणजो. नाई तं इमा रद्द होऊन जाईन."

"पोरीले तं सांगू ना?"

"तिले तं अजिबात नको. तिच्या तोंडात तीळ भिजत नाई."

तिनं मान डोलावली. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

तिसऱ्या आठवड्यात आई तिकडे चक्कर येऊन पडली. नववा महिना लागलेली बहीण तिला घेऊन दवाखान्यात गेली. बीपी भयंकर वाढलेलं. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते आणि आई म्हणत होती, नाही, मला काही नाही. शेवटी बहिणीचा मला फोन आला. ती रडत होती.

"दादा, खरं सांग. मायले पह्यलेपासून काई होतं का?"

आता विम्याचं काय, हा विचार माझ्या मनात आधी आला. आई नंतर आली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मग गोळीचं नाव सांगितलं. ती म्हणाली की इथे आल्यापासून मायला गोळी घेताना तिनं एकदाही पाहिलं नाही.

आई वाचली. परत आली तेव्हा डावा पाय किंचित ओढत होती. मी तिच्यावरच चिडलो.

"गोळ्या काऊन नाई घेतल्या?"

"पोरीनं पाह्यल्या असत्या तं इचारलं असतं," ती अगदी सहज म्हणाली. "मंग तू खोटा पडला असता ना, बाबू."

माफी मागायचं मनात आलं, पण ते जमलं नाही. मी नुसताच उठून बाहेर गेलो.

आता दर महिन्याला मी तिला वर्ध्याला डॉक्टरांकडे नेतो. ते साधंच विचारतात, "आई, काही त्रास?" आणि उत्तर देण्याआधी ती माझ्या तोंडाकडे पाहते.