पहिल्या धारेचा चीक

चांगुणाच्या दारचं दूध लातुरात कुणी थेट घेत नसे. संकलन केंद्रावर साऱ्यांच्या दुधात ओतलं की तेच दूध सगळ्या आळ्यांतल्या चहात जाई. पण बौद्धवाड्यात येऊन कुणी तांब्या पुढे केला, असं कधी झालं नव्हतं. लातूर जिल्हा झाला आणि तिचा नवरा केरबा नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागला, तरी त्यात फरक पडला नव्हता. म्हणून एका संध्याकाळी केरबा म्हणाला, "साहेबांच्या बाईनी खरवसाला चीक मागितलाय, आपल्या म्हशीचा," तेव्हा तिची तव्यावरची भाकरी करपली.

"त्यास्नी ठाव हाय न्हवं, आपुन कोण ते?"

"हाव. प्रेमलाबाई स्वतः बोलल्या. पहिल्या धारेचाच पायजे. नंतरच्याचा घट्ट बसत न्हाई म्हनं."

"लईच खवय्या दिसतेत," चांगुणा म्हणाली. पण रात्री तिने तांब्या चिंचेने घासून लख्ख केला.

दुष्काळामुळे कडबा मिळत नव्हता. म्हैस उसाच्या वाळक्या वाढ्यांवर तगलेली, पाठीचा कणा वर आलेला. ती पहाटे व्याली. पारडी झाली. एरवी रेडकू पोटभर पिऊन घरात वाटण्याइतका चीक उरायचा. यंदा सडांतून आला तो जेमतेम तांब्याभर.

कंधारला माहेरी चांगुणाची आई आधी रेडकाला लुचू द्यायची, मग भांडं हातात घ्यायची. तिला ते पक्कं माहीत होतं. पारडी धडपडत उभी राहिली, आईच्या पोटाशी तोंड घासू लागली. चांगुणाने तिला ओढून खुंट्याला बांधलं.

"दुपारी पाजू की. तवर काय होतंय?"

केरबाने म्हशीचे सड धुतले. तांब्या त्यालाही न्यायचा होता.

संध्याकाळी तो खुशीत आला. खरवस सुरीने कापावा असा जमला होता. बाईंनी शेजारीपाजारी वाटला, आणि चीक कुणाकडचा ते सांगून वाटला. चांगुणाने ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

त्या दुपारी पारडीला पाजलं होतं, पण तेव्हा सडांत फार काही उतरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पहिला चीक किती पाजला?"

चांगुणा पारडीचं अंग पुसत राहिली.

"वासराच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद नसते, बाई. ती आईच्या पहिल्या चिकातून येते. पहिल्या काही तासांतच अंगी लागते. मागून कितीही पाजलं तरी तसं होत नाही."

पारडी गेली. केरबाने तिला माळावर पुरलं.

"म्याच बांधली तिला," चांगुणा म्हणाली.

"तू एकटीनं न्हाई," केरबा म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला.

दोन दिवसांनी प्रेमलाबाई स्वतः आल्या. वाड्यातल्या बाया दारांत उभ्या राहून बघू लागल्या. बाई सतरंजीवर टेकल्या, चांगुणाच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "सासूबाई अजून खरवसाचंच नाव काढतात. पारडी कशी आहे? बघू तरी."

केरबाने मान खाली घातली.

"निजलीय, बाईसाहेब," चांगुणा म्हणाली. "आत्ताच पिऊन निजली."

मागे गोठ्यात म्हैस हंबरली. थांबली, पुन्हा हंबरली.

"ही का ओरडतेय एवढी?"

"तहान लागली असंल," चांगुणा म्हणाली. "पाणी कुठं पुरतंय यंदा."