मयताची कार्डं माझ्याकडे

बाईनं मला अंगणात पाहिलं आणि हातातलं सूप टाकून दिलं. पाखडलेलं भात सगळीकडं सांडलं.

"आगं आई गं, गेलं माझं कुकू!"

असं ओरडून तिनं दोन्ही मनगटं चौकटीवर आपटली. हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला. माझ्या हातात तिच्या नवऱ्याचं कार्ड होतं. तो पलटणीत होता. पुढच्या महिन्यात रजेवर येतो, असं त्यानं लिहिलं होतं.

"खुशाली हाय बाई! मालक रजेवर येत्यात!" मी ओरडत होतो. तिच्या हंबरड्यात ते कुणाला ऐकू जाणार!

मागच्या दारानं तिचा सासरा धावत आला. त्याला खरा प्रकार कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याचा चेहरा आधी सैल झाला, मग लाल झाला.

"मंग तू कशापायी आलास?"

"टपाल आनलंय."

"दुसरं कुनी घावलं न्हाई सरकारला? म्हार दारात उबा ऱ्हायला म्हंजी मानसानं काय समजायचं? जित्या लेकाच्या बायकूच्या बांगड्या फोडल्यास तू!"

कार्ड त्यानं माझ्या हातून घेतलं नाही. दगडावर ठेवायला लावलं, त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि मग उचललं. शाई फुटली. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. पुन्हा कार्ड दगडावर आलं आणि अंगणाच्या कडेला उभं राहून ते मीच वाचून दाखवलं. बाटवणारा मी, पण वाचणाराही तेवढा मीच होतो.

नोकरीचा तो माझा तिसरा दिवस होता. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

मुळशी तालुक्यातल्या आमच्या खोऱ्यात कुणी मेलं की पाव्हण्यारावळ्यांना सांगावा न्यायचं काम महाराचं. माझ्या बापानं जन्मभर ते केलं. अनवाणी डोंगर चढायचा, घरापासून लांब उभं राहून आरोळी द्यायची, "अमका वारला हो!" त्याबद्दल शिळी भाकर. त्यामुळं अवेळी महार दिसला की बायका आधी कपाळाला हात लावायच्या आणि मग विचारायच्या. त्या बाईलाही दोष कसा देऊ? तिनं लहानपणापासून हेच पाहिलं होतं.

मग आमच्या वस्तीनं धम्म घेतला. मेलेली जनावरं ओढणं बंद, भाकर मागणं बंद, सांगावा बंद. गावानंही आमचं काम बंद केलं. शेतावर कुणी बोलवेना. रानातला भाजीपाला उकडून वस्तीनं दिवस काढले, पण सांगावा काही नेला नाही. त्यातच मला टपाल वाटायची नोकरी लागली. सातवी पास होतो. वस्तीतली पहिली सरकारी नोकरी. बापानं मला खाकी कोट घालून पौडच्या बाजारातून फिरवून आणलं. ओळख असो नसो, ज्याला त्याला सांगत होता, "पोरगा सरकारात हाय."

बांगड्यांची बातमी माझ्या आधी पोस्टात पोचली. पोस्ट म्हणजे शाळेच्या गुरुजींची पडवी. पोस्टमास्तर तेच. गुरुजी कधी आवाज चढवायचे नाहीत.

"तुझी चूक नाही रे," ते म्हणाले. "लोकांना सवय आहे. त्याला आपण काय करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालाचे दोन ढीग केलेले. एक मोठा. दुसऱ्यात नुसती तीन कार्डं. तिन्हींचा कोपरा फाडलेला. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत आहे, म्हणजे हातात घेतानाच कळतं.

"ही तू नेत जा. बाकीचं गणपत नेईल. उगाच पुन्हा बांगड्या फुटायला नकोत." गणपत म्हणजे जुना टपालवाला. मराठ्याचा. तो माझ्याकडं बघत नव्हता.

मी कार्डं उचलली. का उचलली? नोकरी नवी होती. बापाचा चेहरा डोळ्यापुढं होता. आणि गुरुजी गोड बोलले होते. मऊ लागलं की माणूस कोपरानं खणतो, हे मला तेव्हा समजलं नाही.

पाच दिवस मी लोकांची मरणं वाटली. कासार आंबोलीच्या पुढं डोंगराच्या अंगानं ज्या वाड्या आहेत, तिथपर्यंत. लोक मला लांबूनच ओळखू लागले. मी वळणावर दिसलो की पोरांना घरात घ्यायचे. आमच्याकडं नको, पुढं जा, असं हातानं सांगायचे. खाकी कोटाचा काही उपयोग नव्हता.

पाचव्या दिवशी एका म्हातारीला तिचा भाऊ गेल्याचं कार्ड वाचून दाखवलं. ती पोटभर रडली. मग डोळे पुसून आत गेली आणि अर्धी भाकर, वर लाल चटणी, घेऊन आली.

"सांगाव्याला रिकामं धाडू न्हाई बाबा," म्हणाली आणि वरून भाकर सोडली.

मी कोटाचा घोळ धरला. भाकर त्यात पडली.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी भुकेलाही नव्हतो, माझ्या पिशवीत माझी भाकर होती. तरी हात आपोआप पुढं गेले, घोळ पसरला, मानही खाली गेली. वस्तीनं उपाशी राहून जे सोडलं, ते मी सरकारी कोटात झेललं. ओढ्यापर्यंत कसाबसा आलो आणि बसलो. म्हातारीचा राग आला नाही. माझीच किळस आली. आगीतून निघून आपण फुफाट्यात पडलो, आणि पडताना आवाजसुद्धा केला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात.

"सविनय सादर. आपण मला नोकरी दिली याबद्दल मी आभारी आहे. मयताची टपाले मजकडे व इतर टपाले दुसऱ्याकडे, अशी वाटणी येथे झाली आहे. हे काम आमच्या वस्तीने सोडले आहे. सबब मी राजीनामा देत आहे. तो मंजूर व्हावा, ही नम्र विनंती."

गुरुजींनी दोनदा वाचला.

"लिहिलंयस छान. शुद्ध. पण कारण बदल. घरगुती अडचण लिही. पुण्याला साहेब वाचतात."

"कारन हेच हाय गुरुजी."

"राजीनाम्यात असं कुणी लिहीत नाही रे."

"मंग मी लिवतो."

त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. "बरं, उद्यापासून चार साधी पत्रंही देतो तुला. मग तर झालं?"

चार. मी फार थकलो होतो. भांडायचंही त्राण नव्हतं. "नको गुरुजी. लई उपकार झालं," एवढंच म्हणालो.

कोटाची घडी करून पुढं केली. "ठेव तिथं खाली," ते म्हणाले. मी ठेवली नाही. हात पुढं करून तसाच उभा राहिलो. गणपत बघत होता. शेवटी गुरुजींनी दोन बोटांनी घडी घेतली. अर्जाची नक्कल मी पुण्याच्या पत्त्यावर स्वतः पेटीत टाकली.

घरी सगळं खरं सांगितलं. भाकरीचंही. बाप खाली बसला.

"म्या जन्मभर भाकर आनली. तुमी तीच खाऊन वाडलासा. मला न्हाई कदी लाज वाटली," तो म्हणाला. "सरकारी नोकरी व्हती रं. आता काय खाशील?"

रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. बाप पुढं माझ्याशी नीट बोललाच नाही. पुण्याहून उत्तर आलं, 'मंजूर'. कारणाबद्दल एक अक्षर नाही. हातांना घट्टे पडले, पाठ गेली, आणि ती नोकरी पुन्हा आमच्या घराकडं फिरकली नाही.

हे सगळं धरून सांगतो. माझ्या घरातलं कुणी आता कुणाच्या मरणाचा निरोप घेऊन जाणार नाही. पोटासाठी नाही, सरकारसाठी नाही, गोड बोलणाऱ्यासाठी तर नाहीच. ज्याच्या घरचं मढं, त्यानं आपल्या पायांनी जाऊन सांगावं.