कोण शालन?

दौलतराव डॉक्टर घुमे असते तर मला त्यांचा इतका राग आला नसता. पण चाकणच्या बाजारपेठेत त्यांच्याइतका बडबड्या माणूस दुसरा नव्हता. कांद्याचा भाव, जत्रेतली कुस्ती, पिंपरीला उभा राहणारा औषधाचा कारखाना, सगळ्यावर त्यांचं मत तयार. नाडी धरली तरी तोंड चालूच. ठोके कधी मोजत, देव जाणे. फक्त पेशंटबद्दल विचारलं की हा माणूस एकदम परगावचा व्हायचा.

"डॉक्टर, सोजराबाईला काय झालंय हो?"

"कोण सोजराबाई?"

आणि सोजराबाई समोरच्या बाकावर कण्हत बसलेली! गाव हसायचं. मीही हसायचे, १९५३ सालापर्यंत.

त्या साली मला माणहून स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा सातवी पास. सगळं जमत आलं आणि मुलाच्या वडिलांच्या, लक्ष्मणरावांच्या कानावर कुणीतरी घातलं की पोरगी महिनाभर रोज बाटली घेऊन दवाखान्यात जात होती. जात होतेच. अंगात रक्त कमी म्हणून लोहाचं कडू औषध चालू होतं. गावानं त्याचा क्षय केला.

सोयरीक पक्की करण्याआधी लोक मुलीच्या गावच्या डॉक्टरला विचारून येत, तसे लक्ष्मणरावही गेले. "कोण शालन?" डॉक्टर म्हणाले. लक्ष्मणरावांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला.

माझे वडील, आबा, धावत दवाखान्यात गेले. मागोमाग मी.

"डॉक्टर, पोरगी धड हाय, एवढा एक शब्द बोला. खोटं सांगा म्हणतोय का मी?"

"न्हाई आबाजी. पण आज धड पोरीचं धड म्हणून सांगितलं, तर उद्या जिच्याबद्दल मी गप्प बसंन तिचं काय? माझ्या गप्प बसण्यातच लोकांना उत्तर मिळंल. म्हणून समद्यांबद्दल गप्प."

"मग चिठ्ठी तरी लिहून द्या पोरीच्या हातात."

"एकीला दिली की समद्यांकडं मागतील. शालनचं मी शालनला दहा वेळा सांगीन. तिनं पुढं सांगावं."

"पोरीच्या बोलण्यावर कोण इस्वास ठेवतंय?" आबांचा आवाज चढला. "म्हंजी दुसऱ्या कुणाच्या पोरीपायी माझी पोर घरात बसवू?"

डॉक्टरांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "व्हय."

सोयरीक मोडली. मी आठवडाभर रडले आणि रडता रडता शिव्या दिल्या. जीभ झडो मेल्याची, असं रोज म्हणायचे. जी हलायला तयार नव्हती ती झडून माझं काय भलं होणार होतं, हे डोक्यातही आलं नाही. पुढं महिन्याभरात डॉक्टर काही झालंच नाही अशा थाटात आमच्याकडं भाकरीला आले. आबांनी पाट मांडला. मी पिठल्यात मूठभर मिरची घातली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या तरी गडी म्हणतो, "झकास!" आणि पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या वर्षी मी निगडीला दिली गेले. आमचे हे पुढं पिंपरीच्या त्याच औषधाच्या कारखान्यात लागले. माणूस सोन्यासारखा. पण तीन वर्षं झाली तरी पाळणा हलेना. सासूबाईंचे, दुर्गाबाईंचे, नवस संपले आणि बोलणी सुरू झाली. शेवटी आम्ही दोघं गुपचूप दौलतरावांकडं गेलो. राग होताच, पण दुसरा ओळखीचा डॉक्टर कुठून आणणार? त्यांनी दोघांनाही तपासायला पुण्याला धाडलं. निकाल आला तेव्हा दार लोटून, खालच्या आवाजात, त्यांनी तो आम्हा दोघांना सांगितला. इतकं थोडं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंना याचा वास लागलाच. शनिवारच्या बाजारी त्यांनी गाडी जुंपली, मला बसवलं आणि चाकणला आणलं. काय ठरलंय ते घरात उघड होतं: दोष माझा निघाला तर मला माहेरी सोडायचं आणि मुलाला दुसरी करायची. एकावर दुसरी करायची नाही असा कायदा झाला होता म्हणे, पण तो आमच्या चुलीपर्यंत पोचला नव्हता. आणि दोष ह्यांचा निघाला असता, तर ह्यांना ना गावात मान वर करता आली असती, ना कंपनीत.

दवाखाना गच्च भरलेला. सासूबाई सरळ टेबलापाशी गेल्या.

"डॉक्टर, आमच्या शालनला पोर का व्हईना? दोष कुणाचा?"

मी पदराचं टोक मुठीत आवळलं. या माणसाला मी चार वर्षं शिव्या दिल्या होत्या. वर ते पिठलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "कोण शालन?"

"ही काय, माझी सून! तुमच्या म्होरं बसलीया!"

"असंल, असंल. कांदा काय भावानं गेला आज?"

"अवो, एक शब्द बोला. निदान मान तरी हलवा!"

मान हलली नाही.

परतताना मोशीपर्यंत सासूबाईंचा पट्टा थांबला नाही. "जीभ झडो मेल्याची!" त्या म्हणाल्या, आणि मला पदराआड हसू फुटलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदमच. निमित्तच हाती लागलं नाही, तर सुनेला घालवायचं तरी कुठल्या तोंडानं? मी निगडीतच राहिले. दोष कुणाचा होता ते ह्यांना ठाऊक, मला ठाऊक. तुम्ही विचारू नका.

गाडी नदीच्या उताराला लागली तेव्हा मला आबांचा तो प्रश्न आठवला, दुसऱ्या कुणाच्या पोरीपायी? ती दुसरी पोर मीच होते.