गोदूमावशींचं निळं फूल

गोदूमावशींना धीर हा प्रकार ठाऊक नाही. तळोज्याजवळच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो, शिकवण्या घेतो, आणि त्यांचे अर्ज लिहितो. हे शेवटचं काम मी मागितलेलं नाही. पहाटे कारखान्यांच्या बाजूने उग्र वास आला की त्या खिडक्या लावतात, नातीच्या, मनस्वीच्या, छातीला कान लावतात आणि मग माझं दार बडवतात.

"लिवा मास्तर! पोर परत खोकतेय."

अर्ज प्रदूषण मंडळाकडे जातात. तिथले साहेब तपासायला येतात तेव्हा नेमका वास नसतो.

अशात यंदा अंगणातला हायड्रेंजिया निळा फुलला. मावशींच्या लेकाने महाबळेश्वरहून आणलेली कुंडी ती, गेल्या वर्षी चांगली गुलाबी गुच्छांनी भरलेली. मावशी तिच्याभोवती नुसत्या घिरट्या घालत होत्या.

"बगा, मातीत इख उतरलाय! आता काय बोलंल तुमचा सायेब?"

कुंडीशेजारचं अळूही विषारी झालं असेल म्हणून त्यांनी मुळासकट उपटून टाकलं. मी फोटो काढून अर्जाच्या पहिल्याच पानावर लावला. आळीतल्या साठ जणांनी सह्या केल्या. आणि नवल म्हणजे साहेबांचा स्वतःहून फोन आला, सोमवारी या, त्या फुलाचं बघू. मला तर गड जिंकल्यासारखं वाटलं.

मावशींना मात्र चैन पडेना. साहेबांनी उलटसुलट विचारलं तर? शनिवारी त्यांनी मला आणि कुंडीला रिक्षात घातलं आणि करंजाड्याला भावनाच्या रोपवाटिकेत नेलं. भावना शेतकीची पदवीधर. तिने माती बोटाने उकरली आणि विचारलं, "मावशी, पाणी कुठलं घालता?"

"यंदा टँकरचा. गढूल असता, म्हणून तुरटी फिरवते. वरचा वापरतो, तळाचा गाळ कुंडीत."

भावना हसायलाच लागली. "मग कसलं विष? तुरटीत अॅल्युमिनियम असतं, शिवाय तिने माती आंबट होते. आंबट मातीत या झाडाची मुळं अॅल्युमिनियम उचलतात आणि गुलाबी फूल निळं होतं. बागवाले तर मुद्दाम करतात हे."

परतताना मावशी कुंडीतली माती चिवडत राहिल्या. बोललो ते मीच. म्हटलं, गप्प बसा, साहेबांना काय कळतंय झाडातलं? वास तर खरा आहे ना? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बोलावलंय. मला लाज वाटत नव्हती, संताप येत होता. या बाईच्या पदरात एकदाच काही पडलं होतं आणि तेही तिच्याच तुरटीने नासावं!

सोमवारी साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "हां, ते निळं फूल."

"तो माज्या तुरटीनं झाला, सायेब," मावशी म्हणाल्या. मी डोळे मिटले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे तक्रार मागे घेताय."

"फुलाची घेते. माजी चूक व्हती, मी सांगितली." मावशींनी अर्जावर बोट ठेवलं. "पन वास माजा नाय. तो कुनाचा हाय, ता आता तुमी सांगा."

साहेब फाइल मिटायला निघाले होते. त्यांचा हात तिथेच राहिला.